भोगावतीच्या काठाने

कोल्हापुरास जाण्याचे प्रसंग आम्हांस आजवर पुष्कळ आले. परंतु अंबाबाईचे दर्शन, रंकाळ्यावरील सायंकाळची फेरी आणि परतताना घरच्या मंडळींसाठी गुळाची ढेप व चपलांचे दोन जोड, यांपलीकडे आमची मजल क्वचितच गेली. या खेपेस कोजागरी उलटून दिवाळी तोंडावर आली होती, पाऊस नुकताच मागे सरला होता, आणि हाताशी चार दिवसांची सवड होती. तेव्हा ज्या पाण्यावर हे शहर व हा जिल्हा पोसला गेला ते पाणी येते कोठून, हे एकदा डोळ्यांनी पाहून यावे असे मनाने घेतले. राज्यकर्त्यांच्या धोरणांविषयी आपण दिवाणखान्यात बसून पुष्कळ वाद घालतो. पण धोरण म्हणजे कागदावरील मजकूर. तो रानात, चुलीपाशी आणि मुलाबाळांच्या अंगावर कसा उतरतो हे पाहावयाचे तर रस्त्यालाच लागले पाहिजे.

राधानगरीची गाडी म्हणजे आपला नेहमीचा तांबडा डबा. गाडीत शिरताच आमच्या सौभाग्यवतींनी एक गोष्ट टिपली, ती आमच्या नजरेतून निसटली होती. प्रवाशांत बायकाच अधिक. १७ मार्च २०२३ पासून राज्य सरकारने एसटीच्या प्रवासात स्त्रियांस निम्मे भाडे माफ केले. त्याच्या आदल्या वर्षी पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास पूर्णच विनामूल्य झाला होता. असल्या सवलतींविषयी आमचे मत फारसे अनुकूल नव्हते, हे आम्ही कबूल करतो. तिजोरीत खडखडाट असता फुकटेपणाची सवय लावणे हा मते मिळविण्याचा सोपा मार्ग होय, असे आम्ही कित्येकदा बोलूनही दाखविले आहे.

शेजारच्या बाकावर सत्तरीच्या आतबाहेरची एक म्हातारी बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत केळीच्या पानात गुंडाळलेले काही, आणि कपाळावर आडवे लावलेले कुंकू. तिने आमच्या मंडळींशी आपण होऊन बोलणे काढले.

"ताई, कुनीकडं?"

"राधानगरीला, धरण पाहायला. आणि तुम्ही?"

"लेकीकडं चाललोय. बाळंतीन हाय न्हवं." (कोल्हापूरकडील बायका स्वतःविषयी बोलताना पुरुषी क्रियापद वापरतात, ते कानास प्रथम विचित्र आणि मग फार गोड लागते.) "आधी वर्साला एकदा जायाचो. सून म्हनायची, कशाला उगं पैसा घालवताय. आता अर्ध्या तिकिटात जातोय, तर कुनाला इचारायचं न्हाई."

'कुनाला इचारायचं न्हाई' या तीन शब्दांनी आमच्या अर्थशास्त्रास जरा धक्का बसला. निम्म्या तिकिटाचा हिशेब आम्ही नेहमी एसटीच्या तोट्याच्या खात्यावर मांडीत आलो. त्याच तिकिटाने एका आईस आपल्या लेकीच्या बाळंतपणास जाण्यासाठी मुलासुनेपुढे हात पसरावा लागत नाही, हा जमेचा आकडा कोणत्या रकान्यात मांडावयाचा? एसटीचा तोटा त्यामुळे खोटा ठरत नाही, आणि हा पैसा शेवटी कोणाच्या तरी करातूनच यावयाचा, हेही तितकेच खरे. तथापि आमच्या मताची धार त्या बाकावर थोडी बोथट झाली एवढे नमूद करून पुढे जातो.

शहर मागे पडले आणि हळदी, परिते अशी गावे येऊ लागली. दोन्ही अंगांस ऊस. उसाशिवाय दुसरे काही दृष्टीस पडावे तर मध्येच भाताचे पिवळे पडलेले खाचर, नाहीतर एखाद्या गुऱ्हाळाची धूर सोडणारी चिमणी. परित्यास भोगावती साखर कारखाना. त्याचा गळीत हंगाम सुरू व्हावयाचा होता. एके ठिकाणी गाडी बराच वेळ खोळंबली, तेव्हा आम्ही खाली उतरून जवळच्या गुऱ्हाळात डोकावलो. काहिलीत रस उकळत होता, भेंडीच्या चिकाने मळी वर आली होती आणि गुळव्या हातातील फावड्याने आदण ढवळीत उभा होता. आम्ही काही विचारण्यापूर्वीच त्याने कागदावर गरम गुळाचा गोळा काढून पुढे केला. अशी गुऱ्हाळे पूर्वी या भागात फार. कारखान्यांनी ऊस ओढून घेतल्यापासून त्यांची संख्या पुष्कळच घटली. कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक निर्देशाचा मान मिळाला, पण मान मिळाल्याने चुलवाण पेटत नसते.

आज हे सर्व आपोआप उगवल्यासारखे भासते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र पावसाळ्याचे चार महिने सोडल्यास या खोऱ्यात पाण्याचा भरवसा नव्हता. शाहू छत्रपतींनी २ एप्रिल १८९४ रोजी कारभार हाती घेतला आणि दोनच वर्षांत दुष्काळ, त्यापाठोपाठ प्लेग, अशी संकटे संस्थानावर कोसळली. स्वस्त धान्याची दुकाने, जनावरांसाठी चारा, दुष्काळी कामे असे उपाय त्यांनी त्या वेळी योजिले. परंतु त्या अनुभवातून त्यांनी जो धडा घेतला तो अधिक मोलाचा. दुष्काळ पडल्यावर अन्न वाटण्यापेक्षा पडण्यापूर्वी पाणी साठविणे स्वस्त पडते. १९०२ साली त्यांनी पाटबंधाऱ्याचे धोरण आखले, संस्थानातील विहिरी-तलावांची पाहणी करविली आणि भोगावतीस बांध घालण्याचा मोठा बेत मनाशी धरला. एका लहान संस्थानाच्या उत्पन्नाकडे पाहता हा बेत धाडसाचाच होता.

राधानगरीस आम्ही दुपारी पोहोचलो. हे गाव महाराजांनी वसविले व त्यास आपल्या कन्येचे नाव दिले. धरणामागील जलाशयास राणीसाहेबांचे, लक्ष्मीबाईंचे. धरण दगडी आहे. त्याच्या काळ्या भिंतीवर शेवाळ धरले होते, फटींतून नेचे उगवले होते, आणि मागे डोंगरांच्या कुशीत पसरलेले पाणी इतके निश्चल होते की दाजीपूरच्या जंगलाची सावली त्यात जशीच्या तशी उतरली होती. त्या जंगलात गवे आहेत. आम्हांस एकही दिसला नाही. मात्र चहाच्या टपरीवर जो तो काल संध्याकाळीच पाहिल्याचे सांगत होता.

या धरणास सात दरवाजे असे आहेत की ते उघडण्यास माणूस लागत नाही. जलाशय काठोकाठ भरला म्हणजे पाण्याच्याच भाराने ते एकामागून एक आपोआप उघडतात, व पातळी उतरली की मिटतात. प्रत्येकातून सेकंदास सुमारे १,४०० घनफूट पाणी बाहेर पडते. पावसाळ्यात 'राधानगरीचा अमुक क्रमांकाचा दरवाजा उघडला' ही बातमी खाली कोल्हापुरात जेवणाच्या पंगतीत सांगितली जाते, आणि नदीकाठच्या घरांतील बायका माळ्यावर सामान चढवू लागतात.

धरणाची हकीकत मात्र सरळ नाही. महाराजांच्या हयातीत भिंत सुमारे ४० फूट उंच झाली आणि १९१८ च्या सुमारास पैशाअभावी काम थांबले. ६ मे १९२२ रोजी महाराज निवर्तले तेव्हा ते अपुरेच होते. पुढे राजाराम महाराजांच्या कारकीर्दीत ते पुन्हा हाती घेतले गेले, १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, आणि काम पुरे होण्यास १९५० नंतरचा काळ उजाडला. म्हणजे ज्याने पाया घातला त्याने पाट पाहिला नाही. पाच वर्षांनी निवडणूक येते या हिशेबाने चालणाऱ्या कारभारास असले काम सुचेल काय, हा प्रश्न त्या भिंतीवर उभे असता आमच्या मनात आला. पण लगेच हेही आठवले की अपुरे राहिलेले काम पुरे केले ते राजाने नव्हे, लोकनियुक्त सरकारने. राजाचा आणि लोकशाहीचा असा सोयीचा मुकाबला लावणे आपल्याकडे फार चालते. भोगावतीने दोघांचेही पाणी एकाच पात्रातून नेले आहे.

परतीच्या गाडीत योगायोगाने तीच म्हातारी पुन्हा भेटली. लेकीस मुलगा झाला होता. आमच्या मंडळींनी अभिनंदन केले, तर तिने हसून हात जोडले आणि लगेच तिचा चेहरा उतरला.

"पोरगा झाला, ब्येस झालं. पर माझ्या थोरल्या ल्येकाची तीन पोरं हाईत, ताई. तिघंबी लग्नाची. ऊस हाय, म्हशी हाईत, सोपा हाय. पर एकालाबी पोरगी मिळंना."

"शेतकऱ्याला मुलगी देत नाहीत म्हणून?"

"त्ये बी हाय. पर आधी पोरी तर पायजेत न्हवं गावात!"

यावर आमच्या मंडळी काहीच बोलल्या नाहीत. आम्हीही खिडकीबाहेर पाहू लागलो. २००१ च्या शिरगणतीत कोल्हापूर जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८३९. ज्या जिल्ह्यात पाणी, दूध, साखर यांची रेलचेल, ज्याच्या राजाने १९१७ साली विधवाविवाहास कायद्याचे संरक्षण दिले आणि १९१९ साली स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा केला, त्या जिल्ह्यातील हा आकडा. आणि सरकार निजले होते असेही नाही. गर्भलिंग तपासणीस आळा घालणारा कायदा देशात प्रथम केला तो महाराष्ट्रानेच, १९८८ साली. केंद्राचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी आला. कायदा झाल्यावर तेरा वर्षांनी ८३९! २०११ साली हा आकडा थोडा वर सरकला खरा. पण त्या मधल्या काळात जन्मलेले मुलगे आज लग्नाचे झाले आहेत, आणि त्यांची आजी तांबड्या डब्यात बसून आमच्यापाशी गाऱ्हाणे सांगत होती.

सुबत्ता वाढली म्हणजे सुधारणा मागोमाग येतेच, असे आपण पांढरपेशे लोक धरून चालतो. येथे सुबत्तेनेच सोनोग्राफीची फी परवडू लागली. वाचकांपैकी कोणी हा ऊसवाल्यांचा प्रश्न आहे असे समजून पुढचे पान उलटणार असतील, तर त्यांनी आपल्या चुलतभावंडांच्या घरांत गेल्या तीस वर्षांत मुली किती व मुलगे किती, हे बोटांवर मोजून पाहावे.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरात फिरलो. शाहूपुरीची पेठ १८९५ साली वसली, आणि कोल्हापूर-मिरज रेल्वे १८९१ साली सुरू झाली होती. या दोन गोष्टींनी येथील गुळास बाहेरची बाजारपेठ मिळवून दिली. १९०६ साली कापडाची गिरणी निघाली. ही माहिती कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळेल, म्हणून तीवर अधिक शाई खर्च करीत नाही.

दसरा चौकात मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो. मध्ये महाराजांचा पुतळा, आणि सभोवार जुनी वसतिगृहे. १९०१ पासून मराठे, जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेले, सारस्वत अशा निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी महाराजांनी ही बोर्डिंगे काढविली अगर त्यांस जागा व वर्षासने दिली. जातीजातींची निराळी वसतिगृहे काढल्याने जातिभेद दृढ होतो, असा आक्षेप तेव्हाही होता व आजही घेतला जातो. आक्षेप निरर्थक नाही. परंतु खेड्यातील पोराने शिकण्यास शहरात यावे तर झोपावयाचे कोठे आणि जेवावयाचे कोणाच्या पंक्तीस, याचे दुसरे उत्तर त्या काळी कोणापाशी होते? आमच्या समाजातील मुले वार लावून, माधुकरी मागून शिकली, हे आपण अभिमानाने सांगतो. माधुकरी वाढणारे घर सर्वांनाच उपलब्ध नव्हते, हे सांगावयास विसरतो.

आता ज्या विषयाशी आमच्यासारख्या घरांचा सरळ संबंध पोहोचतो, तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १८९४ साली संस्थानच्या सामान्य कारभारातील ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज विलायतेत असताना, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भराव्या असा हुकूम निघाला. १९१२ साली अधिकारपदे ९५ झाली, त्यांत ब्राह्मण ३५. १९१८ साली कुलकर्णी वतने नष्ट झाली आणि गावचे दप्तर पगारी तलाठ्यांच्या हाती गेले. त्याआधी वेदोक्ताचा वाद पेटलेला होताच. त्या वेळच्या वृत्तपत्रांतून आपल्या लोकांनी महाराजांविषयी काय काय लिहिले ते आज वाचवत नाही. आणि उलट बाजूनेही भाषा सौम्य नव्हती.

या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी 'वतन गेले' ही कथा आजेसासूबाईंच्या तोंडून ऐकलेली असेल. वाडा, दप्तराचे रुमाल, सुगीस येणारा हक्काचा दाणा, हे सर्व एका हुकुमासरशी गेले, ही वेदना खोटी नव्हती. पण पुढे काय झाले याचाही हिशेब आपण मांडू. वतन गेले म्हणून मुलगे पुण्यामुंबईस शिकावयास गेले, कचेऱ्यांत व बँकांत लागले, मागाहून मुलीही शिकल्या आणि नातवंडे परदेशी पोहोचली. ज्या घरांची वतने गेली त्यांची राहणी एकंदरीत खालावली असे कोणी म्हणू शकेल, असे आम्हांस वाटत नाही. ज्यांस त्या हुकुमाने प्रथमच कचेरीचा उंबरठा ओलांडता आला, त्यांचे काय झाले ते सांगण्याचा अधिकार आमचा नाही. ते त्यांनी स्वतः पुष्कळ लिहिले आहे, ते आपल्या घरांत वाचले जावे.

याच संदर्भात एक गोष्ट आम्हांस फार दिवस खुणावीत आली आहे. शाहू महाराज जन्मले ते कागलच्या घराण्यात. गोपाळ कृष्ण गोखले यांचे बालपणही कागलास गेले आणि शिक्षण तेथे व कोल्हापुरास झाले. प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून गोखल्यांनी १९११ साली वरिष्ठ कायदेमंडळात बिल आणले. ते पुढल्या वर्षी नामंजूर झाले. बडोद्यास सयाजीराव महाराजांनी ही गोष्ट १९०६ सालीच करून दाखविली होती. १९१७ साली कोल्हापुरास ती झाली, मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंडासह. पण तोवर गोखले हयात नव्हते. एकाच गावच्या मातीत वाढलेली ही दोन माणसे, एकास वादात आपण सदैव आपल्या बाजूस धरतो व दुसऱ्यास पलीकडच्या. खेड्यातील पोराच्या हाती पाटी यावी याविषयी दोघांचे म्हणणे एकच होते.

तिसऱ्या प्रहरी प्रयाग चिखलीस गेलो. येथे नद्यांचा संगम होऊन पंचगंगा होते. भातकापणी चालू होती. घरांच्या भिंतींवर पुरुषभर उंचीवर मातकट रेघ दिसते; विचारले तर लहान पोरही सांगते की ती २०१९ ची. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर चढले होते. धोक्याची खूण ४३ फुटांवर आहे. १९८९ च्या पुरानंतर सरकारने चिखलीकरांस उंचावर, सोनतळीस, घरांसाठी जागा दिल्या. ही सोनतळी म्हणजे शाहू महाराजांचा मुक्काम जेथे पुष्कळदा असे तीच. तरी पुष्कळ कुटुंबे खालीच राहतात. का, असे विचारता एका वृद्ध गृहस्थांनी उत्तर दिले ते असे:

"रान हितं, म्हशी हितं, देव हितं. वर जाऊन काय सरकारकडं तोंड करून बसायचं?"

नकाशावर भूखंड आखणाऱ्या अंमलदारास म्हशीचा गोठा व तिची धार काढण्याची पहाटेची वेळ दिसत नसावी. दुधाच्या पैशावर येथील कित्येक घरांचा आठवड्याचा बाजार चालतो, आणि तो पैसा बहुधा बाईच्या हाती येतो. दोन मैलांवरील सुरक्षित घरासाठी तो सोडावयास ती तयार नाही. पुरात तिला होडीत बसवून काढावे लागते व त्याचा खर्च दरसाल सरकारवरच पडतो, हेही खरे. यांत चूक कोणाची, हे ठरविण्यास आम्ही चिखलीत फार थोडा वेळ होतो.

परत येताना वाटेत एका लहान बंधाऱ्यावर बरगे घालण्याचे काम चालले होते. हा कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा. पावसाळ्यात दगडी खांबांमधून नदी मोकळी वाहू द्यावयाची आणि पाऊस सरला म्हणजे खांबांच्या खाचांत फळ्या बसवून, फळ्यांच्या दोन ओळींमध्ये माती भरून पाणी अडवावयाचे. पुढे ही रीत साऱ्या महाराष्ट्राने उचलली. कमरेएवढ्या पाण्यात चौघेजण उभे होते. वरून एकजण फळी सोडी, खालचे दोघे ती खाचेत दाबून बसवीत, चौथा पायाने माती रेटी. काठावर एक दहा-बारा वर्षांची मुलगी शाळेच्या गणवेशातच बसून, बसलेले बरगे मोठ्याने मोजीत होती. तिचा बाप पाण्यातून मध्येच ओरडून तिला आकडा विचारी.

आम्ही उभे होतो तेवढ्या वेळात एक गाळा पुरा झाला. पाणी त्या गाळ्यापाशी क्षणभर थबकले, वळले, आणि शेजारच्या उघड्या गाळ्यातून अधिक जोराने निघून गेले. "अजून किती राहिले ग?" आमच्या मंडळींनी मुलीस विचारले. तिने आमच्याकडे न पाहताच बोटे वर केली, आणि पुढल्या फळीचा आकडा पुकारला.